पिट्सबर्ग: धूर, मेलनचा पैसा आणि एका शहराचं पुन्हा उभं राहणं

नदीकाठ:

परवा दुसऱ्या एका धाग्यावर चर्चा रंगली होती की एखाद्या गडगंज माणसाने मनावर घेतलं तर मोडकळीला आलेलं शहर पुन्हा उभं राहू शकतं का. बहुतेकांनी डेट्रॉईटचं उदाहरण दिलं, कारण ते अलीकडचं. मी बरीच वर्षं पिट्सबर्गमध्ये राहतो आणि माझ्या मते हा प्रयोग इथे रिचर्ड किंग मेलन या बँकमालक घराण्यातल्या माणसाच्या हातून दोन पिढ्या आधीच होऊन गेलाय, त्याचे बरे-वाईट परिणामही दिसून झालेत. तिथे अवांतर होईल म्हणून वेगळा धागा काढतोय. लांब झालाय, सवडीने वाचा.

आजचं हिरवंगार पिट्सबर्ग पाहिलेल्यांचा जुन्या फोटोंवर विश्वास बसत नाही. १९४० च्या आसपास इथे भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. ऑफिसात जाणारे लोक दुपारी बदलायला दुसरा शर्ट सोबत नेत, कारण सकाळी घातलेला पांढरा शर्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत काजळलेला असे. अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगहेला या नद्यांच्या संगमातून ओहायो नदी सुरू होते. त्या टोकाला इथे 'पॉइंट' म्हणतात. शहरातली सगळ्यात देखणी जागा, आणि तिथे होते रेल्वेचे मालधक्के, गोदामं, पडक्या इमारती. १९३६ च्या मार्चमध्ये महापूर आला. २५ फुटांना धोक्याची पातळी असताना पाणी ४६ फुटांवर गेलं आणि बाजारपेठ बुडाली.

महायुद्ध संपता संपता चित्र असं होतं की लढाईसाठी लागणारं पोलाद ओतून कारखाने थकलेत, हवा श्वास घेण्याजोगी नाही आणि मोठ्या कंपन्या मुख्यालय दुसरीकडे हलवायच्या गोष्टी करताहेत. इंजिनियर इथे नोकरी घ्यायला तयार नसत, त्यांच्या बायका तर अजिबात नसत.

आता रिचर्ड किंग मेलन (१८९९–१९७०). आजोबा थॉमस मेलन न्यायाधीश होते, त्यांनी १८६९-७० मध्ये पेढी काढली. काका अँड्र्यू मेलन यांनी त्या पेढीच्या जोरावर अ‍ॅल्युमिनियमची अल्कोआ आणि तेलाची गल्फ या कंपन्यांना भांडवल पुरवून मोठं केलं. पुढे १९२१ ते १९३२ ते अमेरिकेचे अर्थमंत्री होते. काकांनी आपला चित्रसंग्रह आणि त्यासाठी राष्ट्रीय कलादालन दिलं, पण ते वॉशिंग्टनला. पुतण्याने पैसा आणि लक्ष दोन्ही याच शहरात घातलं. ही निवड मला फार महत्त्वाची वाटते.

त्यांनी असं का केलं? शहरावर प्रेम होतं हे खरंच, पण तेवढंच कारण नव्हतं. बँक इथे, अल्कोआचं, गल्फचं, कॉपर्स या कोक-रसायनं कंपनीचं मुख्यालय इथे, कोळशाच्या खाणी इथल्या, मध्यवस्तीतल्या जमिनी इथल्या. शहर बुडालं तर मेलन घराण्याची मालमत्ता त्याच्यासोबत बुडणार होती. विकून निघून जाणं त्यांनाच परवडण्यासारखं नव्हतं. मला तर वाटतं की पुढचं सगळं समजून घ्यायची किल्ली हीच आहे.

१९४३-४४ मध्ये 'अ‍ॅलेगेनी कॉन्फरन्स' स्थापन झाली. शहरातल्या बड्या उद्योगांचे प्रमुख तिचे सदस्य. नियम असा की बैठकीला स्वतः यायचं, हाताखालच्या माणसाला पाठवायचं नाही. मेलनचं वजन मागे असल्यामुळे लोक येतही. जानेवारी १९४६ मध्ये डेव्हिड लॉरेन्स महापौर झाले. मेलन प्रॉटेस्टंट, रिपब्लिकन, लिगोनियरच्या इस्टेटीवर राहणारे. लॉरेन्स आयरिश कॅथलिक, कामगार कुटुंबातले, १४ व्या वर्षी शाळा सुटलेले, डेमोक्रॅट पक्षाचे कसलेले संघटक. जन्म त्याच पॉइंटच्या परिसरातला. दोघं समोरासमोर क्वचितच भेटत. निरोपांची ने-आण बहुतेक मेलनचे वकील आर्थर व्हॅन बस्कर्क आणि इतर विश्वासू माणसं करत. पण दोघांनी एकमेकांना दिलेला शब्द पाळला. कायद्याची ताकद महापौरांकडे, पैशाची ताकद मेलनकडे, अशी ती जोडी जमली.

धुराचंच बघा. शहराचा धूरबंदीचा कायदा १९४१ चा, पण युद्धामुळे बासनात होता. लॉरेन्सनी तो १९४६ मध्ये कारखान्यांना आणि १९४७ मध्ये घरांना लागू केला. आता शहराच्या हद्दीबाहेर, संपूर्ण काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) तो लागू करायचा तर राज्याच्या विधिमंडळात विधेयक मंजूर व्हायला हवं होतं. पेनसिल्व्हेनिया रेलरोडने विरोध केला. कोळशावर चालणारी इंजिनं त्यांची, कोळशाची वाहतूकही त्यांचीच. पण मेलन त्याच रेल्वेच्या संचालक मंडळावर होते, आणि त्यांच्या कंपन्या रेल्वेच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी. त्यांनी शब्द टाकल्यावर रेल्वेचा विरोध मावळला. १९४९ मध्ये काउंटीभर नियम लागू झाले. कुठल्याही महापौराला हे एकट्याने जमलं नसतं.

मग पॉइंटचा पुनर्विकास. १९४६ च्या नोव्हेंबरमध्ये शहराची पुनर्विकास संस्था निघाली आणि लॉरेन्स स्वतः तिचे अध्यक्ष झाले. न्यूयॉर्कच्या इक्विटेबल या विमा कंपनीला २३ एकरांवर गेटवे सेंटर बांधायला राजी केलं गेलं. विमा कंपनीला हमी हवी होती की धूर आणि पूर दोन्ही आटोक्यात येतील आणि इमारतींना भाडेकरू मिळतील. भाडेकरूंचं मेलनच्या वर्तुळाने बघितलं. स्थानिक कंपन्यांनी इमारती उभ्या राहण्याआधीच २० वर्षांचे भाडेकरार केले. जागा ताब्यात घ्यायला सक्तीचं भूसंपादन वापरलं. खाजगी इमारतींसाठी सक्तीचं भूसंपादन त्या काळी नवलाचं होतं, खटलेही झाले. पलीकडच्या ३६ एकरांवर आज जे पॉइंट पार्क आणि कारंजं आहे ते पूर्ण व्हायला १९७४ उजाडलं.

१९४९ मध्ये मेलन कुटुंबाच्या तीन न्यासांनी मध्यवस्तीत चौक बांधायला ४० लाख डॉलर दिले. १९५५ मध्ये मेलन स्क्वेअर खुला झाला. वर झाडं, कारंजी, बाकं, आणि खाली सहा मजली वाहनतळ. त्याच्या एका बाजूला अल्कोआची अ‍ॅल्युमिनियमने मढवलेली इमारत, दुसऱ्या बाजूला मेलन बँक आणि यूएस स्टीलची. मी तिथे डबा खातो. बसायला पैसे लागत नाहीत, आणि या शहरातल्या उन्हाळ्यात त्याहून चांगली जागा नाही.

ऑक्टोबर १९४९ मध्ये टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर मेलन झळकले. या सगळ्याला इथे 'रेनेसान्स' (पुनरुज्जीवन) म्हणतात आणि शाळेत शिकवतात.

याची दुसरी बाजूही आहे, हिल डिस्ट्रिक्ट या वस्तीची. ती मी मुद्दाम इथे दोन ओळींत उरकत नाही. कुणी अधिक माहितीचं असेल तर लिहा, नाहीतर मी प्रतिसादात लिहीन.

कोकणकन्या:

वाचतेय! किती नवीन माहिती. रेल्वेची गोष्ट वाचून थक्क झाले. म्हणजे ज्याचा कोळसा, ज्याची रेल्वे, त्याच माणसाने धूर बंद करायला लावला?

एक शंका. गरीब लोक घरात स्वस्त कोळसाच जाळत असतील ना? त्यांना नवीन इंधन परवडलं का?

नदीकाठ:

@कोकणकन्या ताई, नेमका प्रश्न. नाही परवडलं, निदान सुरुवातीला. धूर न करणारं इंधन महाग होतं, युद्धानंतर त्याचा तुटवडाही होता. १९४९ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत लॉरेन्सच्या प्रतिस्पर्ध्याने हाच मुद्दा धरला, की श्रीमंतांच्या स्वच्छ हवेची किंमत गरिबाच्या शेगडीतून वसूल होतेय. लॉरेन्स निवडून आले, पण राजकीय जोखीम त्यांनी घेतली होती. मेलनना मतं मागायची नव्हती. श्रेय वाटताना हे विसरलं जातं, माझ्या लेखातही ते यायला हवं होतं इतकं स्पष्ट.

भट्टीवाला:

धागा उत्तम. पोलाद उद्योगात आयुष्य गेलं म्हणून थोडी भर घालतो.

धूर गेला याचं सगळं श्रेय कायद्याला किंवा मेलनला देणं बरोबर नाही. युद्धानंतर नैऋत्येकडच्या राज्यांतून नळाने नैसर्गिक वायू यायला लागला. युद्धकाळात तेलासाठी घातलेल्या मोठ्या वाहिन्या नंतर वायूसाठी वापरल्या गेल्या. वायू स्वस्त, राख नाही, कोळसा भरायची कटकट नाही. पिट्सबर्गच्या घराघरांतून कोळसा गेला तो मुख्यतः त्यामुळे. त्याच सुमाराला रेल्वेने वाफेची इंजिनं काढून डिझेल आणली. तीही फायद्यासाठीच, कारण डिझेल इंजिनाला माणसं कमी लागतात आणि देखभालही कमी. कायद्याने दहा वर्षांनी होणारी गोष्ट तीन-चार वर्षांत झाली असं फार तर म्हणता येईल. तेही कमी नाही म्हणा. हवेच्या बाबतीत दहा वर्षं म्हणजे फुप्फुसांची एक पिढी.

दुसरं, हा कायदा दिसणाऱ्या धुराचा होता. काळा धूर थांबला, गंधकाचे वायू आणि बारीक कण थांबले नाहीत. ऑक्टोबर १९४८ मध्ये मोनोंगहेलाच्या काठी डोनोरा गावात जस्ताच्या कारखान्याचे वायू दाट धुक्यात अडकून २० माणसं दगावली, हजारो आजारी पडली. पिट्सबर्गपासून ते गाव फार लांब नाही. क्लेअरटनचा कोक (झोतभट्टीसाठी भाजलेला कोळसा) बनवणारा कारखाना अजून चालू आहे, आणि त्या खोऱ्यातले लोक आजही हवेबद्दल तक्रार करतात.

तिसरं, आणि हे वाचून इथल्या मंडळींना आनंद होईल. जमशेटजी टाटा १९०२ मध्ये अमेरिकेत गेले तेव्हा पिट्सबर्गला ज्युलियन केनेडी या नामांकित अभियंत्याला भेटले. केनेडींनी पुढे न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिनचं नाव सुचवलं. पेरिन भारतात आले, आणि साकचीला जो कारखाना उभा राहिला त्याचा आराखडा केनेडींच्याच कंपनीने केला. जमशेदपूरच्या भट्ट्यांचा धागा असा थेट मोनोंगहेलाच्या काठापर्यंत जातो. आमच्या पिढीतले लोक तिथलं नाव आदराने घ्यायचे.

अनिकेत७८:

+१ भट्टीवाला काका. आणि त्याची परतफेडही झालीय. टीसीएसने २०१५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाला ३.५ कोटी डॉलर दिले, तिथे टीसीएसच्या नावाची इमारत आहे. माझा भाचा तिथेच शिकला.

गिरणगावकर:

नदीकाठ, लेख आवडला पण एक गोष्ट खटकते. पूर्ण लेखात कामगार कुठे आहेत? चौक, बागा, काचेच्या इमारती, विमा कंपनी, महापौर. मी लालबागला वाढलो, वडील आणि आजोबा दोघंही गिरणीत. १९८२ च्या संपानंतर आमच्याकडे 'पुनर्विकास' काय झाला तो डोळ्यांनी पाहिला. जमीन ज्याच्या नावावर होती त्याचा विकास झाला. तिथे मेलननी पोलाद कामगारासाठी काय केलं ते सांगा, मग त्यांना नमस्कार करू.

नदीकाठ:

@गिरणगावकर, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि मी टाळाटाळ करणार नाही.

रेनेसान्सने मध्यवस्ती सुधारली. पोलादाच्या अर्थकारणाला हात लावला नाही. उलट पुनर्विकास संस्थेची ताकद वापरून जोन्स अँड लॉफलिन या पोलाद कंपनीला कारखाना वाढवायला जागा करून दिली. त्यासाठी हेझलवूडमधली 'स्कॉच बॉटम' नावाची कामगार वस्ती उठवली. म्हणजे गृहीतक असं होतं की पोलाद कायम राहणार, आपण फक्त त्याच्या आजूबाजूचं शहर नीट करायचं. गुंतवणूक जुन्या भट्ट्यांतच होत राहिली, नवं तंत्र जपान आणि जर्मनीत आलं.

८० च्या दशकात सगळं कोसळलं. ड्यूकेनचा कारखाना १९८४ मध्ये, होमस्टेडचा १९८६ मध्ये बंद झाला. या भागातल्या लाखाहून अधिक कारखानी नोकऱ्या गेल्या. मेलन स्वतः १९७० मध्येच वारले होते, पण त्यांची बँक होती. वेस्ट होमस्टेडला मेस्टा मशीन ही पोलाद कारखान्यांची यंत्रं बनवणारी नामांकित कंपनी होती. १९८३ च्या सुरुवातीला तिने दिवाळं काढलं. मेलन बँकेने तिची खाती गोठवली आणि कामगारांचे केलेल्या कामाचे पगार अडकले. लोकांचा संताप असा की हीच बँक जपानी पोलाद कंपनीला कर्ज देते आणि दारातल्या कारखान्याला देत नाही. काही पाद्री आणि कामगार संघटनेचे लोक एकत्र आले, खातेदारांना ठेवी काढून घ्यायचं आवाहन केलं. त्यातल्या काहींनी बँकेत तिजोरीचे खण भाड्याने घेऊन त्यात मासे ठेवून दिले. वास सुटेपर्यंत कुणाला कळलं नाही. मला हे मासेवालं आंदोलन क्षुल्लक वाटत नाही. ज्यांच्या हातात काहीच उरलं नव्हतं त्यांनी तेवढं तरी केलं.

मी लेखात म्हटलं होतं की मेलनची मालमत्ता या शहरात खिळलेली होती. ८० च्या दशकापर्यंत ते खिळे निघाले. १९८४ मध्ये गल्फ ऑइल कॅलिफोर्नियाच्या कंपनीने (आजची शेव्हरॉन) घेतली, मुख्यालय गेलं. कॉपर्स १९८८ मध्ये ब्रिटिश कंपनीकडे गेली. आणि २००७ मध्ये खुद्द मेलन बँक न्यूयॉर्कच्या बँकेत विलीन झाली, मुख्यालय न्यूयॉर्कला. १९४५ मधल्या मेलनना 'शहर बुडालं तर मी बुडालो' असं वाटत होतं. त्यांच्यानंतर बँकेत बसलेल्या माणसांना तसं वाटायचं कारणच राहिलं नाही. स्वभाव बदलला म्हणून नाही, हिशेब बदलला म्हणून.

गिरणगावकर:

हे मान्य. हिशेब बदलला, अगदी हेच. गिरणीमालकांना गिरणीपेक्षा जमीन महाग वाटायला लागली त्या दिवशी आमचं ठरलं होतं. सविस्तर उत्तराबद्दल आभार.

सुमेधा_प:

हिल डिस्ट्रिक्टबद्दल मी लिहिते. शिकायला पिट्सबर्गला होते तेव्हा त्या भागातल्या एका शाळेत संध्याकाळी मुलांना गणित शिकवायला जायचे. त्या मुलांच्या आज्यांकडून जे ऐकलं ते डोक्यातून जात नाही.

मध्यवस्तीला लागून चढावर लोअर हिल नावाची वस्ती होती. बहुसंख्य कृष्णवर्णीय, शिवाय इटालियन, ज्यू, सीरियन कुटुंबं. घरं जुनी, दाटीवाटीची, अनेक घरांची अवस्था खरंच वाईट. पण तिथे दुकानं होती, चर्च होती, न्हाव्यांची दुकानं, जॅझचे क्लब होते. वायली अ‍ॅव्हेन्यूवरचा क्रॉफर्ड ग्रिल देशभरातल्या वादकांना माहीत होता. १९५६ पासून जवळजवळ ९५ एकर साफ करण्यात आले. आठ हजारांवर माणसं आणि ४०० हून अधिक दुकानं-व्यवसाय उठले. बेथेल हे कृष्णवर्णीयांचं जुनं, भव्य चर्च १९५७ मध्ये पाडलं. त्या जागी उघडझाप होणाऱ्या पोलादी घुमटाचं सिव्हिक अरीना बांधलं, ते १९६१ मध्ये सुरू झालं. सोबत मोठं कलाकेंद्र होणार होतं, ते कधीच झालं नाही. उरलेल्या जमिनीवर काय झालं? वाहनतळ. पुढची कित्येक दशकं डांबर आणि गाड्या.

अ‍ॅलेगेनी कॉन्फरन्स आणि लॉरेन्सची पुनर्विकास संस्था, दोन्ही या कामामागे होत्या. त्या बैठकीचा जो नियम नदीकाठ यांनी कौतुकाने सांगितलाय, की प्रमुखांनी स्वतः यायचं, त्या नियमाकडे हिलमधून बघा. बैठकीला फक्त प्रमुखच होते. ज्यांची घरं जाणार होती त्यांच्यातलं कुणी तिथे नव्हतं. रेल्वेचा विरोध मोडायला जो एक शब्द पुरला, तशाच शब्दांनी हे घडलं. शक्ती तीच होती, फक्त समोर रेल्वे कंपनी नव्हती.

६० च्या दशकात लोकांनी सेंटर अ‍ॅव्हेन्यू आणि क्रॉफर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर मोठा फलक लावला: इथून पुढे पुनर्विकास नको. आणि तो खरोखर तिथे थांबला. त्या कोपऱ्याला फ्रीडम कॉर्नर म्हणतात. पिट्सबर्गच्या पुनरुज्जीवनाची गोष्ट सांगताना माझ्या मते सुरुवात तिथून करायला हवी.

कोकणकन्या:

सुमेधा, वाचून गलबलून आलं. त्या आज्या काय सांगायच्या?

सुमेधा_प:

एकीचं सांगते. त्यांच्या आईचं शिवणकामाचं दुकान होतं. घर भाड्याचं, त्यामुळे भरपाई घरमालकाला मिळाली. दुकान नव्या वस्तीत चाललंच नाही कारण गिऱ्हाइकं चारी दिशांना पांगली होती. "गिऱ्हाईक कुठे राहतं ते मला ठाऊक होतं, नंतर ठाऊक राहिलं नाही," असं त्यांची आई म्हणायची. घराचे पैसे मोजता येतात, या गोष्टीचे कुणी मोजले नाहीत.

अनिकेत७८:

सुमेधा, हिलमध्ये झालं ते अन्यायाचंच, त्यात वाद नाही. पण मी दुसरी बाजू ठामपणे मांडतो. मेलन नसते तर काय झालं असतं? तासाभराच्या अंतरावर यंग्सटाउन आहे. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये तिथला मोठा पोलाद कारखाना एका सोमवारी बंद झाला आणि शहर पुन्हा उठलंच नाही. पिट्सबर्गमध्ये विद्यापीठं, रुग्णालयं, न्यास होते म्हणून ते तगलं, आणि त्यातल्या कितीतरी संस्थांच्या मागे मेलनचा पैसा आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठ १९६७ मध्ये झालं तेच कार्नेगीची तंत्रशाळा आणि मेलन इन्स्टिट्यूट एकत्र येऊन. ऑफिसच्या इमारती निरुपयोगी म्हणणं सोपं आहे, पण मुख्यालयं ४० वर्षं टिकली त्यामुळे कर, पगार, देणग्या सगळं टिकलं. पूर नियंत्रणाची धरणंही बघा. ती केंद्राने लष्करी अभियंत्यांकरवी बांधली, पण त्यामुळेच १९७२ च्या अ‍ॅग्नेस वादळात पाणी ३६ फुटांच्या आसपास थांबलं. नाहीतर १९३६ ची पुनरावृत्ती झाली असती. मोठी कामं करायला मोठी ताकद लागतेच.

सुमेधा_प:

अनिकेत, ताकद लागते हे मान्य आहे. धरणाचं उदाहरण तुम्हीच दिलंत, ते सरकारचं होतं आणि त्याचा फायदा सगळ्यांना झाला. माझा आक्षेप मेलननी पैसे दिले याला नाही. माझा आक्षेप यावर आहे की पैसे देणाऱ्यालाच कुठली वस्ती 'खराब' आहे हे ठरवायचा अधिकार मिळाला. आणि "पिट्सबर्ग तगलं" हेही नीट पाहू या. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या ६,७६,८०६ होती, २०२० मध्ये ३,०२,९७१. निम्म्याहून जास्त लोक गेले. जे राहिले त्यांना चांगलं शहर मिळालं, हे खरं.

भट्टीवाला:

दोघांचंही पटतंय. अनिकेत, मुख्यालयं टिकली हा मुद्दा वजनदार आहे. पण विद्यापीठं आणि रुग्णालयं मोठी झाली ती प्रामुख्याने संशोधनाच्या सरकारी पैशावर, हेही लक्षात घ्या. न्यासांच्या पैशाने बीज घातलं, पीक करदात्याचं.

नदीकाठ, हेझलवूडच्या जागेचं आज काय आहे? माझ्या वेळी तिथे कोकच्या भट्ट्या होत्या.

नदीकाठ:

@सुमेधा_प, तुम्ही लिहिलंत ते मी लिहिण्यापेक्षा कितीतरी बरं झालं. थोडी पुढची माहिती जोडतो. ते अरीना २०११-१२ मध्ये पाडलं. २०२३ मध्ये त्या जमिनीचे विकासहक्क असलेल्या आइस हॉकी संघाने बेथेल चर्चला दीड एकर जागा परत द्यायचा करार केला. पाडल्यानंतर ६६ वर्षांनी. पण त्या जमिनीवर सगळ्यात आधी जी मोठी इमारत उभी राहिली ती एका बँकेची, २६ मजल्यांची.

@भट्टीवाला काका, हेझलवूडची कोक भट्टी १९९८ मध्ये बंद झाली. २००२ मध्ये चार न्यासांनी मिळून ती १७८ एकर जागा विकत घेतली, त्यात रिचर्ड किंग मेलन न्यासही आहे. आता तिला 'हेझलवूड ग्रीन' म्हणतात. 'मिल १९' या जुन्या पोलाद शेडचा सांगाडा तसाच ठेवून आत नव्या इमारती घातल्यात, तिथे रोबोटिक्सचं काम चालतं. छपरावर सौर पट्ट्या आहेत. २०२१ मध्ये मेलन न्यासाने कार्नेगी मेलन विद्यापीठाला १५ कोटी आणि पिट्सबर्ग विद्यापीठाला १० कोटी डॉलर दिले, त्यातला मोठा भाग याच जागेसाठी.

आता बघा, ५० च्या दशकात जिथे कामगारांची घरं उठवून पोलादाला जागा दिली, त्याच हेझलवूडमध्ये आज त्याच मेलनचा पैसा पोलाद गेल्यावरची सोय लावतोय. मधल्या काळात हेझलवूडच्या मुख्य रस्त्यावरची दुकानं एकामागून एक बंद पडली. किराणा दुकानसुद्धा नव्हतं बराच काळ. या वेळी वस्तीतले लोक बैठकींना असतात, प्रश्न विचारतात, स्थानिकांना नोकऱ्या किती आणि परवडणारी घरं किती हे लिहून मागतात. मी अशा दोन-तीन जाहीर सभांना मागे बसून ऐकलंय. आवाज चढतात, सभा लांबतात, अनेकदा काही ठरत नाही. अनिकेत म्हणतात तसा वेग त्यात नाही. पण हिलच्या वेळी अशी सभाच झाली नव्हती, म्हणून मला ही दिरंगाई चालेल. मी स्पष्ट बाजू घेतोय: मेलन यांचा पैसा हवा, मेलन यांचा शब्द शेवटचा नको.

अनिकेत७८:

यावर सहमत आहे. माझ्या मनात होतं ते यापेक्षा फार वेगळं नाही. फक्त दिरंगाईचीही किंमत असते आणि तीही गरीबच मोजतात, एवढं नोंदवून ठेवतो. न्यासांनी जागा २००२ मध्ये घेतली, मिल १९ चा पहिला भाग २०१९ मध्ये उघडला. सतरा वर्षं हेझलवूडच्या लोकांनी कुंपणच पाहिलं.

नदीकाठ:

हे खरं आहे. माझ्याकडे याला उत्तर नाही.

कोकणकन्या:

पुढच्या वर्षी लेकीकडे ओहायोला जायचं आहे. पिट्सबर्गला दोन दिवस काढले तर हे सगळं बघता येईल का? नुसतं कारंजं बघून परत यायचं नाही आता.

नदीकाठ:

ताई, जरूर या. पहिल्या दिवशी मोनोंगहेला इन्क्लाइन या दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीने वॉशिंग्टन टेकडीवर जा, ती १८७० पासून चालू आहे. वरून तीन नद्या, पॉइंट आणि गेटवे सेंटर एका नजरेत येतात. मग खाली उतरून मेलन स्क्वेअर, तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांत फ्रीडम कॉर्नर. चढ आहे, पायात चांगले बूट हवेत. पेन हिल्सचं व्यंकटेश्वराचं मंदिर १९७६ चं, तिथला प्रसाद चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी हेझलवूड ग्रीन, आणि नंतर कॅरी फर्नेस. होमस्टेड कारखान्याला लोखंड पुरवणाऱ्या १९०७ च्या दोन झोतभट्ट्या तिथे जतन केल्यात. आधी पोलादात काम केलेली माणसंही तिथे माहिती देतात, त्यांना भरपूर प्रश्न विचारा. गिरणगावकर, तुम्ही कधी आलात तर तिथे मी स्वतः घेऊन जाईन. हिवाळ्यात तिथल्या फेऱ्या बंद असतात, त्यामुळे मे ते ऑक्टोबरमधलं तिकीट काढा आणि निघण्याआधी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.